असाही पेंटॅक्स

काकांचा कॅमेरा माझ्याकडे आला तो चकलीच्या डब्यातून. साताऱ्याच्या घराचा माळा रिकामा करताना काकूनं तो उंच, घट्ट झाकणाचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ह्यात ह्यांचं ते आहे. तू घेऊन जा. बंगळूरवाल्याला नकोय." बंगळूरवाला म्हणजे तिचा मुलगा. 'ते' म्हणजे काय, हे डब्याच्या वजनावरूनच कळलं. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा, आणि त्याला ओल धरू नये म्हणून शेजारी तांदळाची पुरचुंडी. तांदळाला टोके लागून, तांदूळ संपवून, टोकेही मरून गेले होते. कॅमेरा मात्र कोरडा होता.

त्याच्यावरचं नाव मला पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. प्रिझमवर खोदलेली इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत मी 'असाही पेंटॅक्स' असं वाचलं आणि मला वाटलं, म्हणजे तसाही एक असणार. जपानीत असाही म्हणजे सकाळचं ऊन, हे कळायला पुढची वीसेक वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर तो अर्थ मला अजूनही दुय्यमच वाटतो.

मॉडेल स्पॉटमॅटिक. 1964 साली बाजारात आलेलं. लेन्समधून जो उजेड आत येतो तोच मोजून दाखवणारं मीटर, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाणारं शटर, आणि लेन्स बसवायची ती बाटलीच्या झाकणासारखी फिरवून. काकांनी तो 1970 नंतर कधीतरी मुंबईच्या बोराबाजारातून जुनाच घेतला होता. बोटीवरच्या कुणा माणसानं विकलेला, असं ते सांगत. त्या काळात सगळेच जुने कॅमेरे बोटीवरच्या माणसांचे असत. या मॉडेलचे बहुतेक कॅमेरे रुपेरी, काकांचा काळा. काळा म्हणजे पितळेच्या पत्र्यावर कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग. हात लागून लागून तो रंग उडाला, की खालचं पितळ दिसायला लागतं. मराठीत 'पितळ उघडं पडणं' याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. पण जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांमध्ये नेमकं तेच भूषण मानतात.

काकांच्या कॅमेऱ्याचं पितळ चांगलंच उघडं पडलं होतं. शटरच्या बटणाभोवती, पट्टा अडकवायच्या कड्यांपाशी, प्रिझमच्या दोन्ही कडांवर. तळाला सगळ्यात जास्त, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. या कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायला जागाच नाही. काका फ्लॅश एका लोखंडी पट्टीवर लावत आणि ती पट्टी कॅमेऱ्याच्या तळाशी, स्टँडसाठी असलेल्या भोकात स्क्रूनं आवळत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. मग ती पट्टी मेच्या अखेरपर्यंत रोज चढायची, रोज उतरायची. तळावर तिनं खरवडलेलं एक अर्धवर्तुळ होतं, चकचकीत. हे अर्धवर्तुळ म्हणजे किती लग्नं, याचा हिशेब मी एकदा मनात करून पाहिला आणि सोडून दिला.

तरी मी तो रंगवायचं ठरवलं, याला कारण होतं. डोळा लावायच्या जागेपाशी, जिथे काकांच्या कपाळाचा घाम लागत असणार, तिथे पितळ पिवळं नव्हतं, हिरवं झालं होतं. कळंक. घामातलं मीठ पितळेवर बसलं की ते धातू पोखरत राहतं, आणि वरच्या रंगाच्या खालून पुढे सरकतं. रंग तिथे फुगला होता, ओल आलेल्या भिंतीसारखा. नख लावलं की पापुद्रा सुटत होता. झिजलेला कॅमेरा आणि सडणारा कॅमेरा यांत फरक आहे, आणि हा दुसऱ्या वाटेला लागला होता.

माझा एक मित्र जुने कॅमेरे जमवतो. तो कळवळून म्हणाला, "रंगवू नकोस गं. ओरिजिनल आहे. ओरिजिनलची किंमत असते." किंमत असते हे खरं. 2015 साली लायका कंपनीनं लेनी क्रॅविट्झ या अमेरिकन गायकाच्या संकल्पनेवरून एक कॅमेरा काढला, फक्त 125 नग. कॅमेरे नवे कोरे, पण त्यांचा काळा रंग कारखान्यातच, हातानं, ठरवून झिजवलेला. म्हणजे युद्धावर न जाता युद्धावरून आलेला कॅमेरा गळ्यात घालता येतो. मला यात रागवण्यासारखं काही दिसत नाही, हसण्यासारखं थोडं दिसतं. मित्र मग जपानी लोक फुटक्या वाट्या सोन्यानं सांधतात त्यावर घसरला. आजकाल काहीही फुटलं की लोक तिथे जातात. त्याला मी चहा दिला.

माझ्या आठवणीत झिजलेल्या वस्तूंचं कौतुक नव्हतंच. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची, नाहीतर चटणी वाटली जायची नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की आमटी कळकायची; आंबट पदार्थ आणि उघडं पितळ यांचं जमत नाही. म्हणून वर्षातून एकदा गल्लीत "कल्हईऽऽ" अशी हाळी आली की घरातलं सगळं पितळ अंगणात यायचं. तो माणूस जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवून लाल करायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा टेकवायचा. कथील 232 अंशांना वितळतं, ते मी पुढे शाळेत शिकले. तेव्हा एवढंच दिसायचं की कापसाचा बोळा एकदा गरकन फिरला आणि पातेल्याच्या पोटात चांदणं पडलं. शेवटी पाण्यात चर्र. पुढच्या वर्षी पुन्हा. कल्हई हा भांड्याच्या जगण्याचाच भाग होता, ती काढून टाकलेल्या भांड्याला कुणी 'अस्सल' म्हणत नसे, कळकट म्हणत.

कॅमेरा उघडला मे महिन्यात. सगळं यंत्र मी सुटं केलं नाही, तेवढी अक्कल आहे. फक्त टॉप कव्हर आणि तळाचं झाकण. सुटे भाग ठेवायला मसाल्याचा डबा घेतला: सात वाट्या, सात टप्पे. हळदीच्या वाटीत रिवाइंडची मूठ, मोहरीच्या वाटीत फिल्म ओढायचा दांडा, आणि असंच. जपानी स्क्रूंची फुली आपल्याकडच्या नेहमीच्या पेचकसाला दिसायला जुळते, पण खोलीत जुळत नाही. जोर लावला की पेचकस वर उसळतो आणि स्क्रूचं डोकं खराब करतो. एका स्क्रूचं मी केलं. मग मुकाट्यानं त्या मापाचा पेचकस मागवला आणि आठ दिवस थांबले.

त्या आठ दिवसांत लेन्सचं काम सुरू झालं. तिच्यावर नाव ताकुमार. कंपनी काढणाऱ्या काजिवारांचा भाऊ ताकुमा अमेरिकेत फोटोग्राफर होता, पुढे फोटो सोडून चित्रं काढायला लागला. लेन्सला त्याचं नाव दिलं. काकांच्या 50 मिलिमीटरच्या लेन्समधल्या काचेत थोरियम आहे. त्यानं काच उत्तम होते, पण त्याच्याच किरणांनी वर्षानुवर्षं शिजत ती पिवळी पडते. ही लेन्स तर साजूक तुपाच्या रंगाची झाली होती. उपाय एकच, ऊन. मी ती गॅलरीच्या कठड्यावर, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. तीन आठवड्यांत दोन्ही तयार.

रंग काढायचं काम जूनमध्ये केलं, गॅलरीत, रबरी मोजे घालून, कारण तो रिमूव्हर कातडीला लागला तर चटका बसतो आणि त्याचा वास घरभर फिरतो. ब्रशनं रिमूव्हर लावला आणि पंधरा मिनिटांत वरचा रंग सुरकुतला, दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटून आला. पण त्याच्या खाली अजून काळा होता. पातळ, कडक, हटवादी. त्याला रिमूव्हर चार वेळा लावावा लागला. कारखान्यात दोन हात देत असतील, असं मी धरून चालले. वरच्या सायीत एक काळा केस अडकला होता; माझ्या ब्रशचा असणार म्हणून चिमट्यानं काढून टाकला. सगळं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात.

खोदलेली अक्षरं कापसाच्या काडीनं साफ करताना मात्र थबकले. त्यांत भरलेला पांढरा रंग निघत होता, पण तो पांढरा नव्हता. किंचित गुलाबी. एका क्षणात मला उमगलं: कुंकू! दरवर्षी खंडेनवमीला काका कॅमेरा पाटावर मांडत, फ्लॅशसकट. त्याला झेंडूचं फूल, हळदकुंकू, समोर पेढा. माझ्या डोळ्यांसमोर तो पाट आला, काकांचं ओलं धोतर आलं. मी ती गुलाबी काडी उजेडात धरून बराच वेळ बसले. या अर्धवर्तुळाचं कारण ओळखलं, या कुंकवाचं ओळखलं. स्वतःवर खूश होते.

प्रिझमच्या कोपऱ्याला एक पोचा होता. तो काढायला कव्हर घेऊन तांबट आळीत गेले. कसब्यातल्या त्या गल्लीत तुम्ही वळलात की आधी आवाज लागतो: तांब्याच्या पत्र्यावर मठारकामाची हातोडी पडते तो, एका चालीत, एकाआड एक दुकानातून. एका वयस्कर कारागिरानं कव्हर उलटंसुलटं केलं, आतून लाकडी ठोकळ्याचं टोक लावलं, आणि तीन ठोके. पोचा गेला. हिरव्या जागेवर अंगठा घासून म्हणाला, "कळंकलंय. चिंच लावा." मग विचारलं, वर काय करणार? काळा रंग देणार, म्हटलं. तो हसला. "आम्ही पितळ काढतो, तुम्ही झाकताय." पैसे घेतले नाहीत.

चिंच लावली. हे मी कुठल्याही पुस्तकातून घेतलं नाही, देवघरातून घेतलं. कोळ चोळून पाच मिनिटं ठेवला, गरम पाण्यानं धुतला, आणि कव्हर निरांजनासारखं लखलखलं. कारखान्यातून बाहेर पडल्यावर प्रथमच ते पूर्ण उघडं असणार. इतकं देखणं की असंच ठेवावं असा मोह झाला. दोन दिवस ठेवलंही. तिसऱ्या दिवशी माझ्याच बोटांचे तपकिरी ठसे त्यावर उमटलेले दिसले.

रंगाचं सामान बोहरी आळीतून. चारशे, आठशे, दीड हजार नंबरचे वॉटर पेपर, प्रायमर, थिनर. दुकानदारानं विचारलं, "कशाला मारायचाय?"

"कॅमेऱ्याला."

"सीसीटीव्ही? मग सिल्व्हर न्या. काळा उन्हात तापतो."

पितळ गुळगुळीत असतं, त्यावर साधा रंग धरत नाही, सालीसारखा सुटतो. त्यासाठी आम्ल असलेला प्रायमर लागतो. तो धातूला किंचित चावतो आणि मग त्याला धरून बसतो. हे मी नीट केलं. नंतरची चूक मात्र माझी, आणि ती घाईची. जुलै होता. चार दिवसांनी पाऊस जरा उघडला, ऊन पडलं, आणि मी काळ्याचा डबा हलवून फवारा मारला. हात बरा पडला होता, कुठे ओघळ नाही. दहा मिनिटांनी बघते तर काळ्यावर भस्म फासल्यासारखा पांढुरका थर. थिनर उडून जाताना रंगाचा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली की तिच्यातली वाफ त्या गार रंगावर बसते आणि आत अडकते. पापड पावसाळ्यात करत नाहीत, हे ज्या घरात तीन पिढ्यांना माहीत आहे त्या घरातल्या बाईनं जुलैत रंग मारला. सगळा पुन्हा काढला आणि दसऱ्यापर्यंत वाट पाहायची ठरवली.

थांबल्याचा फायदा असा झाला की काळा कोणता, यावर विचार करायला वेळ मिळाला. डब्यावर नुसतं 'ब्लॅक' लिहिलेलं असतं. आपल्याकडे काळाकुट्ट वेगळा, काळाभोर वेगळा, काळाकभिन्न वेगळा. मी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने केले. एक नव्या रिक्षासारखा झाला, बघवेना. एक तव्याच्या बुडासारखा, उजेड गिळून टाकणारा. मला हवा होता तो चंद्रकळेचा काळा: वरून शांत, पण घडी हलली की आत कुठेतरी उजेड सरकतो. काळ्याचा विचार करायला बसलं की मराठी माणूस फार वेळ पंढरपूरच्या बाहेर राहू शकत नाही. तिथल्या मूर्तीचे पाय स्पर्शानं झिजत आले, म्हणून 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मूर्तीवर पुन्हा वज्रलेप केला गेला. झीज भक्तीचीच होती. तरी ती थांबवायला हवीच होती. मित्राला हे ऐकवलं. तो म्हणाला, "तू आता काहीही जोडतेस." असेल.

शेवटी चकचकीत आणि मंद असे दोन डबे आलटून पालटून मारले, पाच पातळ हात, वीतभर अंतरावरून, फवारा कडेच्या आधी सुरू करून कडेच्या पुढे नेऊन थांबवायचा. ऑक्टोबरची कोरडी, भाजणारी हवा. प्रत्येक हातामध्ये अर्धा तास. मग आठ दिवस नुसतं सुकवणं, आणि मग भाजणं. त्यासाठी भंगारातून जुना ओव्हन आणला, कारण घरातल्या ओव्हनमध्ये रंग भाजला तर त्यात पुन्हा नानकटाई करता येत नाही आणि घरात राहताही येत नाही. गच्चीवर, नव्वद अंशांवर, एक तास. दार उघडलं तेव्हा रंग नुसता बसलेला नव्हता, मुरलेला होता.

अक्षरं भरणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुखाचं. दातकोरणीनं पांढरा ऑइलपेंट खोबणीत सोडायचा, पाच-सात मिनिटं थांबायचं, मग पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्याला फडकं गुंडाळून वरचा वर पुसून घ्यायचा. बाहेरचा जातो, आतला राहतो. असाही पेंटॅक्स. बाकीचं, म्हणजे रेक्झिन चिकटवणं वगैरे, एका दुपारचं काम. सात वाट्या रिकाम्या झाल्या आणि एकही स्क्रू उरला नाही. शटर दाबलं: तोच आवाज, कापडी पडद्याचा, दबका.

दिवाळीत तो घेऊन साताऱ्याला गेले. काकूनं चष्मा लावला, कॅमेरा हातात घेतला, आणि आधी उलटा केला. तळावरून अंगठा फिरवला.

"गजांचा रंग काढलास वाटतं."

"कसले गज?"

"खिडकीचे. गजांना डबा आणला होता, त्यातला उरला होता थोडा." ती कॅमेरा फिरवत राहिली. "पुण्याच्या एका पार्टीचं लग्न मिळालं होतं ह्यांना. मोठ्ठं. आदल्या रात्री म्हणायला लागले, पितळ दिसतंय, लोक म्हणतील कुठला जुनापुराणा घेऊन आला. बसले रात्री रंगवत. ब्रश कसला, दाढीचा जुना. केस गळत होते त्याचे."

मी काहीच बोलले नाही.

"आणि ती पांढरी अक्षरं भरायला काडी मिळेना, तर माझी कुंकवाची काडी उचलून नेली. सकाळी कुंकू लावायला गेले तर काडीला पांढरं. सण होता वर. केवढी भांडले होते मी."

मग तिनं कॅमेरा डोळ्याशी नेला, उलट्या बाजूनं, लेन्समध्ये पाहिल्यासारखा. "बरा केलायस. ह्यांच्यापेक्षा बरा. त्यात फिल्लम आहे का?"

होती. छत्तीस फोटोंची, एकही न काढलेली.

"थांब मग, लुगडं बदलून येते. ह्या अवतारात नको." आणि ती आत गेली.

मी ओसरीवरच्या खिडकीपाशी उभी राहिले, उजेड मोजावा म्हणून. मीटरचा काटा हलला, थरथरत मध्यावर आला. गज अजून तेच आहेत. आतल्या अंगाला काळा रंग बऱ्यापैकी शाबूत, हात लागतो त्या उंचीवर गुळगुळीत. बाहेरच्या अंगाला पावसानं उकलून पापुद्रे सुटलेले. मी एका पापुद्र्याखाली नख घातलं. तो अलगद तळहातावर आला. खाली लोखंड असेल असं वाटलं होतं, तर हिरवा निघाला.

"काकू," मी हाक मारली, "गज आधी हिरवे होते?"

"आले गं," आतून आवाज आला, "पदर लावतेय."